सदतीस मिनिटांच्या कमळामावशी

बॉबिन चाळीतली चोवीस वर्षांची राजवट मी उलथवली, आणि त्यासाठी मला पेन्सिलीच्या फक्त दोन फुल्या लागल्या. आता हे मी कॉलर ताठ करून सांगतो. ज्या दिवशी ते घडलं त्या दिवशी मात्र चेअरमनसाहेब मला विचारत होते, "काय रे अभय, शाळा कुठची तुझी? हेडमास्तरांचा नंबर दे."

मी कुर्डुवाडीचा. बारावीपर्यंत तिथेच शिकलो, बी.कॉम. बाहेरून केलं आणि परळच्या या चाळीत सोसायटीचा कारकून म्हणून चिकटलो. चाळीचं कागदावरचं नाव बरंच लांबलचक आहे, पण ते पाण्याच्या बिलाशिवाय कोणी वापरत नाही. शेजारी गिरणी होती तेव्हा इथली पोरं सूत गुंडाळायच्या फुटक्या बॉबिनींनी विटीदांडू खेळायची, म्हणून बॉबिन चाळ. तीन इमारती आहेत, प्रत्येकीत बत्तीस खोल्या. पहिली रस्त्याला लागून, दुसरी मध्ये, तिसरी पार मागे रेल्वेच्या भिंतीपाशी. पहिल्या दोन इमारतींत बहुतेक कोकणातली हिंदू मंडळी, तिसरीत बहुतेक बौद्ध कुटुंबं. ही वाटणी कोणी केली, असं मी आल्या आल्या विचारलं होतं. "पहिल्यापासून तशीच आहे," असं तीन जणांनी सांगितलं आणि तिघांनीही लगेच विषय बदलला.

चेअरमन रामजी तळवडेकर. आमच्याकडे चेअरमन थेट सभासद निवडतात, एका खोलीला एक मत, असा जुना नियम आहे. पण चोवीस वर्षांत कोणी मत म्हणून दिलंच नव्हतं, कारण साहेबांच्या विरोधात कधी अर्जच आला नाही. लोकांचं त्यांच्यावर फार प्रेम होतं अशातला भाग नाही. त्यांच्याकडे चावी होती.

ही चावी म्हणजे कमरेला लटकवायची नव्हे. चार फुटांची लोखंडी सळई, वरती आडवा दांडा. पहाटे पालिकेचं पाणी गेटाजवळच्या टाकीत येतं, आणि टाकीतून तीन इमारतींना तीन पाइप जातात. तिन्ही पाइपांचे वॉल, त्या चावीनेच फिरणारे, एका खड्ड्यात, खड्ड्यावर लोखंडी झाकण. सहाच्या ठोक्याला साहेब पट्ट्यापट्ट्यांच्या पायजम्यात चावी खांद्यावर टाकून येत आणि एकेक वॉल उघडत, बंद करत. कोणाला किती वेळ पाणी, ते त्यांच्या मनात. मन कोणी बघितलंय? ज्याने मागच्या सभेत हिशेब विचारला, त्याच्या इमारतीचं पाणी दुसऱ्या दिवशी लवकर जायचं, आणि मग शेजारीच त्याला म्हणायचे, "कशाला तोंड उघडलंस?"

तर निवडणूक आली. साहेबांची पद्धत अशी की आधी सह्या, मग मजकूर. कोऱ्या अर्जांवर सगळ्यांच्या सह्या घ्यायच्या, नावं नंतर कारकुनाने भरायची. एक अर्ज बाद झाला तर असू दे म्हणून अर्ज दोन भरायचे. सूचक म्हणून दर वेळी तिसऱ्या इमारतीच्या कमळाबाई मर्चंडे, अनुमोदक म्हणून दुसऱ्या इमारतीच्या गंगुबाई. म्हणजे तिन्ही इमारती साहेबांच्या पाठीशी. सह्या झाल्या की दोघींना एकेक नारळ. शिवाय सूचकाच्या सहीच्या वर साहेबांनी स्वतः रचलेलं एक वाक्य छापायचं: "सदर उमेदवार कार्यक्षम, निःपक्षपाती व तिन्ही इमारतींना समान न्याय देणारे असल्याची माझी खात्री आहे."

सही कुठे करायची ते कळावं म्हणून मी पेन्सिलीने फुल्या मारल्या. पहिल्या अर्जावर बरोबर मारल्या. दुसऱ्या अर्जाच्या वेळी माझ्या एका हातात कांदाभजी होती. उमेदवाराच्या जागेवरची फुली मी कमळाबाईंना दाखवली आणि सूचकाच्या जागेवरची साहेबांना. दोघांनीही कागद न वाचता सह्या ठोकल्या. नंतर मी शाईने नावं भरायला बसलो. सही ज्याची, नाव त्याचं, इतकं साधं गणित. अक्षरासाठी मला शाळेत दोनदा बक्षीस मिळालं आहे. डोकं तपासायची पद्धत तिथे नव्हती.

छाननीला सहकार खात्याने नेमलेल्या निवडणूक अधिकारी बाई आल्या. त्यांनी दोन्ही अर्ज वाचले, चष्मा कपाळावर नेला, पुन्हा खाली आणला.

"उमेदवार दोन," त्या म्हणाल्या.

"एकच हो मॅडम. अर्ज दोन. सेफ्टीसाठी."

"अर्ज दोन आणि उमेदवारही दोन. एक रामजी तळवडेकर, सूचक कमळाबाई मर्चंडे. दुसऱ्या कमळाबाई मर्चंडे, सूचक रामजी तळवडेकर. अनुमोदक दोन्हीकडे गंगुबाई." बाईंनी साहेबांकडे कौतुकाने पाहिलं. "एकमेकांबद्दल इतका आदर मी सव्वीस वर्षांच्या नोकरीत पाहिला नाही. दोन्ही अर्ज वैध. मागे घ्यायचा असेल तर उद्या पाचपर्यंत."

साहेब आधी हसले. मग माझ्याकडे वळले आणि शाळेचं नाव विचारलं.

आता कमळाबाईंबद्दल सांगायला हवं, कारण तोवर माझ्या लेखी त्या म्हणजे पाच वर्षांतून एकदा नारळ घेऊन जाणाऱ्या एक बाई होत्या.

मूळच्या मंडणगडकडच्या. लग्न होऊन बॉबिन चाळीत आल्या तेव्हा नवरा गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, होता. संप झाला, गिरणी गेली, नवरा घरी बसला. मग कमळाबाई जवळच्याच एका मोठ्या सरकारी हॉस्पिटलात बाळंतिणींच्या वॉर्डात आया म्हणून लागल्या, आधी बदली, मग कायम. एकतीस वर्षं काढली. नवरा गेला, खोली त्यांच्या नावावर झाली, मुलगी लग्न होऊन कल्याणला गेली. आता वय सदुसष्ट. हॉस्पिटलात आयांना मावशी म्हणतात, तेच नाव चाळीतही चिकटलं. चाळीतली पस्तीस-चाळीसच्या आतबाहेरची निम्मी माणसं जगात आली तेव्हा पहिल्यांदा मावशींच्या हातात पडली होती, आणि हे त्या कोणालाही, कुठेही, त्याच्या बायकोपोरांसमोर ऐकवू शकत होत्या. निवृत्तीच्या दिवशी सिस्टर लोकांनी त्यांना छातीला टाचायचं घड्याळ दिलं होतं, नर्सेसचं असतं तसं, उलटं लटकणारं. ते त्या रोज साडीला टाचतात. घरात बाबासाहेबांचा फोटो, बुद्धाची छोटी मूर्ती, आणि बाकी सगळ्या जागेत पिंपं, कळश्या, बादल्या. तिसऱ्या इमारतीतलं कुठलंही घर असंच. पाणी साठवून उरलेल्या जागेत माणसं राहतात.

दुसऱ्या दिवशी दुपारी साहेबांनी त्यांना ऑफिसात बोलावलं. माघारीचा कागद मीच टाइप केला होता, या वेळी फुली तीनदा तपासून.

"बसा कमळाबाई. अभय, चहा सांग. या येड्याने घोळ घातला हो. इथे सही करा, विषय संपला."

मावशींनी पिशवीतून चष्मा काढला.

"आज चष्मा कशाला?" साहेबांनी विचारलं.

"आज आणलाय."

त्यांनी माघारीचा कागद वाचला, सावकाश. मग माझ्याकडे हात केला. "तो दुसरा दे. ज्याच्यावर मी सह्या करते, तो."

मी साहेबांकडे पाहिलं. पण तोपर्यंत कागद माझ्या हातातून गेला होता. मावशींनी ते छापलेलं वाक्य मोठ्याने वाचलं. कार्यक्षम, निःपक्षपाती, समान न्याय.

"हे मी पाच वेळा लिहून दिलंय?"

"फॉर्मॅलिटी असते हो ती."

"पहिल्या वेळी मी सही करत नव्हते. आठवतंय? महिनाभर आमच्या बिल्डिंगला दहा मिनिटं पाणी. बाळंतीण होती शेजारी. मग सही केली, वीस मिनिटं झाली. दहा मिनिटांसाठी मी हे लिहून दिलं, समान न्याय."

साहेब चहात साखर ढवळत राहिले. साखर आधीच घातलेली होती.

मावशींनी दुसरा अर्ज उचलला, साहेबांच्या सहीचा. तेच वाक्य, खाली रामजी तळवडेकर. त्या हसल्या. त्या हसताना मी पहिल्यांदाच बघत होतो.

"तळवडेकर, चोवीस वर्षांत माझ्याबद्दल तुम्ही एकदाच चांगलं बोललात. तेही लेखी. मी मागे कशी घेऊ?"

"मस्करी नका करू. हरलात तर?"

"तर हरले."

"तुम्ही हराल हो, त्याचं काय नाही. पण पाणी कमी आहे. कुठूनतरी कापावं लागणारच. हरलात तर तिसऱ्या इमारतीला आठ मिनिटं. पाच वर्षं. आत्ताच सांगून ठेवतो, मग माझ्या नावाने बोटं मोडायची नाहीत. उद्यापासूनच झलक दाखवतो."

मावशींनी चहा संपवला, कपबशी मोरीत नेऊन धुतली, पालथी ठेवली. मग माघारीच्या कागदाच्या चार घड्या केल्या आणि तो पिशवीत टाकला. "मागची बाजू कोरी आहे," त्या म्हणाल्या, "कामाला येईल."

पाच वाजले. मी घड्याळाकडे बघत होतो, साहेब दाराकडे. दारातून कोणी आलं नाही.

दुसऱ्या दिवशी दोन गोष्टी झाल्या. तिसऱ्या इमारतीचं पाणी आठ मिनिटांत गेलं, आणि माझी बॅग ऑफिसमागच्या खोलीतून बाहेर आली. मी तोंडात पेस्टचा फेस घेऊन गेटाजवळ उभा होतो. ऑफिसचा नळ बंद, नोकरी बंद, चूळ भरायलाही पाणी नाही. गंगुबाई दुसऱ्या इमारतीच्या गॅलरीतून बघत होत्या. वय अठ्ठ्याहत्तर, आवाज अठ्ठावीसचा.

"मेल्या, काय करून ठेवलंस ता?" त्या ओरडल्या. "ये वर. पोटमाळो रिकामो आसा. पण पाणी मागू नको हां, आमचाच पुरत नाय."

पाणी मला मावशींनी दिलं. तिसऱ्या मजल्यावरून हाक मारली, "ए कुर्डुवाडी! वर ये." दोन बादल्या भरलेल्या होत्या, एक आंघोळीची, एक कपड्यांची. "उसन्या देतेय," त्या म्हणाल्या. "परत घेणार. वर आणून द्यायच्या." मी खुशीत आंघोळ केली, गाणं म्हणत. त्या दिवशी आठ मिनिटांत त्यांच्या घरात एकूण चार बादल्या भरल्या होत्या, हे मला नंतर कळलं. गाणं म्हणायला नको होतं.

त्याच सकाळी बुद्धभूषण जिन्यात उभा होता. हा त्यांचा शेजारी, टेम्पो चालवतो, दोन जुळी पोरं. त्याचा आवाज आधीपासूनच वर होता.

"काकी, तुमचा मान राहिला, मान्य. पण माझी पोरं बिनआंघोळीची शाळेत गेली. तुम्ही उभ्या राहिलात, भोगायचं आम्ही? आख्खी बिल्डिंग बोलतेय."

"मग तू उभा राहा. मी तुझी सूचक होते."

"मी? माझा टेम्पो त्याच्या गेटात लागतो!"

"बघ." मावशी पदराला हात पुसत म्हणाल्या. "चार दिवस दे मला. पाचव्या दिवशी तू म्हणालास तर तळवडेकरच्या सभेत जाऊन सांगते, मला मत देऊ नका, याला द्या, आमचं पाणी सोडा. सगळ्यांसमोर सांगते. झालं?"

बुद्धभूषण जिना उतरायला लागला. माफी मागणाऱ्या मावशी त्याला डोळ्यांसमोर आणता आल्या नसाव्यात.

पुढच्या तीन सकाळी पावणेसहाला मावशी गेटाजवळ स्टूल टाकून बसल्या आणि मेथी निवडू लागल्या. साहेब आले, चावी खाली टेकवली, विचारलं, "इथे काय?"

"वर उजेड नाही."

मेथी निवडणाऱ्या बाईला हटवायचं कोणत्या नियमाने, ते साहेबांना सुचलं नाही. वॉल उघडला की मावशी मान खाली घालून घड्याळाकडे बघत. लोकांना वाटायचं पानं बघतायत. तीन दिवस तिसऱ्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर मेथीशिवाय भाजी नव्हती.

तिसऱ्या दिवशी त्यांनी मला बोलावलं आणि माघारीच्या कागदाची कोरी बाजू पुढे केली. "तुझं अक्षर चांगलं आहे म्हणतात. लिही. पहिली इमारत सदुसष्ट मिनिटं. दुसरी पस्तीस. तिसरी आठ."

"सदुसष्ट?" मी म्हणालो.

"आधी पंचावन्न असतील. आमची कापलेली बारा तिकडे वळवलीत. बेरीज कर, तीच येते. एकशे दहा. पाणी कमी झालंच नाही रे बाळा, सरकलंय."

"खाली काय लिहू? आरोप? मागण्या?"

"काही नको. एकशे दहा भागिले तीन कर आणि लिही. त्याखाली लिही, उमेदवार कमळाबाई मर्चंडे, सूचक रामजी तळवडेकर."

मी एक कागद जिन्यात लावला, तो तासाभरात फाडला गेला. मग मी पोटमाळ्यावर पोटावर पडून शहाण्णव प्रती हाताने लिहिल्या आणि प्रत्येक दाराखालून एकेक सरकवली. दाराखालून घरात गेलेला कागद फाडायला साहेबांना घरात जावं लागलं असतं.

तिसऱ्या इमारतीत त्या कागदाने विशेष काही झालं नाही. आठ मिनिटं त्यांना माहीतच होती. खरा भडका दुसऱ्या इमारतीत उडाला. तिथल्या लोकांना चोवीस वर्षं सांगितलं होतं की पहिल्या इमारतीलाही पस्तीसच मिनिटं, आणि पाणी पुरत नाही कारण मागचे लोक नळ उघडे टाकतात. मागचे लोक म्हणजे तिसरी इमारत. एवढ्यावर दोन इमारती एकमेकींच्या हळदीकुंकवाला, बारशाला, वर्गणीला तोंडं फिरवून होत्या. गंगुबाईंनी कागद माझ्याकडून दोनदा वाचून घेतला.

"सदुसष्ट?"

"सदुसष्ट."

"आणि मी बावीस वर्सां त्या कमळीक शिव्या घालतंय!" त्या उठल्या, डब्यातले दोन लाडू काढले आणि काठी टेकत तिसऱ्या इमारतीकडे निघाल्या. त्या इमारतीच्या पायऱ्या त्या आयुष्यात पहिल्यांदा चढल्या. वर काय बोलणं झालं ते मला माहीत नाही. खाली येताना त्यांच्याकडे मेथीची जुडी होती.

रविवारी संध्याकाळी साहेबांची सभा. चौकात मांडव, बटाटेवडे, साउंड सिस्टिम. स्पीकरची वायर साहेबांचा मुलगा दीपक सांभाळत होता. साहेब मनापासून बोलले. "चोवीस वर्षं मी पहाटे उठलो. ताप असला तरी उठलो. माझी आई गेली त्या दिवशीसुद्धा तुमचं पाणी सोडलं." हे खरं होतं. म्हणूनच ऐकताना जरा अडचण होत होती. मग त्यांनी पुढच्या खुर्चीवर बसलेल्या मावशींकडे बोट केलं. "आणि आता या बाई पाणी सोडणार! यांना पाण्यातलं काय कळतं?"

मावशी उभ्या राहिल्या. माइक मागितला नाही.

"वॉर्डात चाळीस खाटा होत्या," त्या म्हणाल्या. "नळ दोन. चाळीस बाळंतिणी, चाळीस बाळं, सगळ्यांच्या आंघोळी अकराच्या आत. एकतीस वर्षांत एक बाळ बिनआंघोळीचं राहिलं असेल तर सांगा. पहिल्या खाटेपासून सुरू करायचं, शेवटच्या खाटेपर्यंत जायचं, दुसऱ्या दिवशी शेवटच्या खाटेपासून. एवढंच कळतं मला पाण्यातलं." मग त्यांनी दीपककडे पाहिलं. "हा सव्वीस नंबरच्या खाटेवरचा. पावणेतीन किलो. नुसता रडत होता. मी धुतला, पुसला, गुंडाळला. कुठली इमारत म्हणून विचारलं नव्हतं हो तळवडेकर."

मांडव हशा-टाळ्यांनी फुटला. दीपकच्या हातातली वायर सुटली आणि साउंड सिस्टिम बंद पडली. ती मुद्दाम सोडली की सुटली, यावर चाळीत अजून दोन मतं आहेत. वडे मात्र सगळ्यांनी खाल्ले. तिसऱ्या इमारतीनेही खाल्ले.

पाचवा दिवस उलटून गेला होता. मांडवातून परतताना मावशींनी बुद्धभूषणला विचारलं, "काय रे, जाऊ का स्टेजवर माफी मागायला?"

"काकी, गप चला आता," तो म्हणाला. दुसऱ्या दिवशी त्याने टेम्पो गेटाबाहेर लांब लावला, आणि मतदानाच्या दिवशी मावशींचा प्रतिनिधी म्हणून पेटीशेजारी इस्त्रीचा शर्ट घालून बसला.

मतदानाला मावशी पांढरी साडी नेसून आल्या. घड्याळ टाचलेलं. चोवीस वर्षांत चाळीत पहिल्यांदाच शिक्का, पेटी, शाई. गंगुबाईंनी शाईचं बोट दिवसभर वर धरून ठेवलं होतं, पुसलं जाईल म्हणून. "माका काय," त्या भेटेल त्याला सांगत होत्या, "माझी सही दोघांच्याय कागदावर आसा. कोणय येवंदे, मीच जिंकतलंय."

शहाण्णवपैकी चौऱ्याण्णव मतं पडली. दुसऱ्या इमारतीची दोन कुटुंबं गावी होती. अधिकारी बाईंनी चिठ्ठ्या टेबलावर दोन गठ्ठ्यांत लावायला घेतल्या. विसाव्या चिठ्ठीपर्यंत साहेब टेबलाला टेकून उभे होते. चाळिसाव्या चिठ्ठीला ते खुर्चीत बसले. बुद्धभूषण ओठातल्या ओठात मोजत होता आणि मधेच विसरून पुन्हा एकपासून सुरू करत होता.

"रामजी तळवडेकर, एकोणतीस. बाद दोन. कमळाबाई मर्चंडे, त्रेसष्ट."

जो आवाज झाला तो मी कुर्डुवाडीत कुस्तीच्या फडातसुद्धा ऐकला नाही. बुद्धभूषणने मला उचललं, मला का उचललं ते त्यालाही माहीत नसावं. कोणी ताशा आणला. दुसऱ्या इमारतीच्या बायका आणि तिसऱ्या इमारतीच्या बायका चौकात फुगडी घालू लागल्या आणि मधोमध गंगुबाई शाईचं बोट वर करून उभ्या. "जय भीम" म्हणत कोणी मावशींच्या गळ्यात हार घातला. त्यांनी आधी घड्याळ हाराच्या वर काढून घेतलं.

सगळं शांत झाल्यावर माझ्यातल्या बी.कॉम.ने बेरीज केली. दुसरी आणि तिसरी इमारत मिळून मतं पडली बासष्ट. मावशींना त्रेसष्ट. म्हणजे पहिल्या इमारतीतलं किमान एक मत फुटलं. हे साहेबांनीही मोजलं, आणि ते त्या एकाचा शोध अजून घेत आहेत. मला नाव माहीत नाही, मतदान गुप्त असतं. दीपकने दुसऱ्या दिवशी मावशींना पेढे नेऊन दिले, एवढं आपलं सांगून ठेवतो.

दप्तर ताब्यात द्यायची वेळ आली तेव्हा साहेबांनी वह्या दिल्या, शिक्का दिला, कपाटं दिली. चावी दिली नाही. "ती मी माझ्या पैशांनी लोहाराकडून बनवून घेतलीय. माझी खासगी आहे."

सगळे मावशींकडे बघायला लागले. बुद्धभूषण बाह्या वर करत होता.

"राहू द्या तुमच्याकडे," मावशी म्हणाल्या. "गॅलरीत आडवी लावा. गोधड्या वाळत घालायला बरी."

बुद्धभूषणने टेम्पोतून तीन नवे वॉल आणले, हाताने फिरवायच्या गोल चाकाचे, कोणालाही उघडता येतील असे. प्लंबरने दोन तासांत बसवले. खड्ड्यावरचं झाकण काढून टाकलं आणि जाळी बसवली, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्याला आतलं दिसावं. भिंतीवर माझ्या अक्षरात तक्ता लागला. एकशे दहाला तीनने भागलं तर भाग नीट जात नाही. सदतीस, सदतीस, छत्तीस. ते एक मिनिट रोज वेगळ्या इमारतीचं कमी करायचं आणि पहिल्या दिवशी तिसऱ्या इमारतीचं, असं मावशींनी ठरवलं. "सुरुवात आपल्यापासून. नाहीतर लगेच बोलतील."

त्या सकाळी सहाला सगळी चाळ खाली होती. तिसऱ्या इमारतीचं चाक मावशींनी स्वतः फिरवलं. आधी पाइपात हवा घुसमटल्याचा आवाज आला, मग वर कुठेतरी एक नळ खोकला, मग दुसरा, मग तिन्ही मजल्यांवरून भांड्यांत पाणी पडायला लागलं. पिंपं भरली. बादल्या भरल्या. नंतर काय भरायचं तेच लोकांना सुचेना. बुद्धभूषणच्या जुळ्यांना एकाच सकाळी दोनदा आंघोळ घातली गेली, दुसऱ्या वेळी ती पळून चालली होती. कोणी जिना धुवायला काढला. वीस मिनिटं झाली, पंचवीस झाली, पाणी चालूच. तिसऱ्या मजल्यावरची एक म्हातारी नळाखाली नुसता हात धरून उभी होती, भांडं न लावता, आणि तिला कोणी ओरडलं नाही.

छत्तीस मिनिटं झाली. मावशींनी चाक बंद केलं.

"काकी, पाचच मिनिटं!" वरून आवाज आला. "चेअरमन आपला आहे ना!"

"म्हणूनच," मावशी म्हणाल्या, आणि दुसऱ्या इमारतीचं चाक उघडलं.

सर्वांत शेवटी पहिली इमारत. सदतीस मिनिटांनी तिथलं पाणी गेलं तेव्हा रामजीसाहेब गॅलरीत आले. तोंडाला साबण होता. "अहो! अहो कमळाबाई! काय चाललंय हे?"

मावशींनी घड्याळ वर करून दाखवलं. "समान न्याय, तळवडेकर. तुमची खात्री होती ना, तुम्हीच लिहून दिलंय."

साहेब साबण घेऊन आत गेले. थोड्या वेळाने मावशींनी बुद्धभूषणच्या हाती एक कळशी त्यांच्या दारात पाठवली. ती त्यांनी घेतली, हेही लिहायला हवं.

माझी नोकरी मला परत मिळाली. पोटमाळा मी सोडलेला नाही, गंगुबाईंचा आवाज सकाळी गजराचं काम करतो. आता अर्जांवर फुल्या मारायच्या नाहीत असा ठराव झाला आहे. ज्याने त्याने वाचून सही करायची. गंगुबाईंना मी वाचून दाखवतो, त्या दोनदा ऐकतात, मग सही करतात, आणि नारळ मागतात.

राहिल्या त्या दोन बादल्या. मावशींची खोली तिसऱ्या मजल्यावर, अठ्ठावन्न पायऱ्या. मी मोजल्या आहेत. चौकात दिसलो की त्या दोन बोटं दाखवतात, विजयाची खूण करावी तशी. नवखा माणूस तसंच समजतो.

"मावशी, आता तुमच्या नळाला धो धो पाणी येतं. माझ्या दोन बादल्या घेऊन करणार काय?"

"ते माझ्या वाट्याचं. तुझ्या दोन वेगळ्या. आठ मिनिटांतल्या आहेत त्या."

येत्या रविवारी नक्की नेऊन देणार आहे. बादल्या दारात काढून ठेवल्यात. मागच्या रविवारीही काढून ठेवल्या होत्या.